मामाने तोडलेलं पिवळं कमळ

ऑफिसच्या दारातल्या कुंडीत आज पिवळं कमळ उमललंय. त्या पाण्याचा चिखलट वास आला आणि माजलगावजवळचं तळं आठवलं. लहानपणी, आई गेली त्या दिवशी, मला काहीच न सांगता मामा तिथे घेऊन गेला होता. गुडघाभर पाण्यात शिरून त्याने असंच एक फूल तोडून दिलं. ऊन उतरलं तसं ते माझ्या हातातच मिटलं.

“मामा, मेलं का हे?”

“न्हाई गं, झोपलंय. उद्या उघडतंय.”

“मग घरी चल. आईला दाखवते.”

“थांब की जरा,” म्हणत तो गावाकडे पाठ करून बसला.

नंतर कळल्यावरही मी रडले नाही. आजही रडू येत नाही. फक्त एवढं कळतं, की सख्ख्या बहिणीला खांदा द्यायचं सोडून मामा माझ्यापाशी बसून होता.