गोट्याचं तोंड पुसताना

रोज सकाळी आई आमच्या पग कुत्र्याचं, गोट्याचं, तोंड पुसायला बसते. गॅलरीत पाट मांडायचा, त्याला मांडीवर घ्यायचं, कोमट पाण्यात पिळलेला कापूस नाकावरच्या घडीतून अलगद फिरवायचा आणि मग जुन्या सुती फडक्याने ती घडी टिपून घ्यायची. गोट्या नवा होता तेव्हा आईने त्याला बाळासारखं न्हाऊ-माखू घालून घड्यांमध्ये चांगली पावडर भरली होती. तिचा लगदा झाला, कातडी लालभडक झाली आणि डॉक्टरांची बोलणी खावी लागली. तेव्हापासून पावडर बंद. "ओलं म्हणून ठेवायचं नाही," असं ती मलाच बजावते, जणू पावडर मी लावली होती!

एरवी नखं कापायची म्हटलं की घर डोक्यावर घेणारा हा प्राणी इथे मात्र डोळे मिटून तोंड पुढे करतो. आपण आपलं तोंड असं कुणाच्या हातात शेवटचं कधी दिलं? मोठं झाल्यावर ते आपलं आपणच पुसायचं, असं कुणी सांगत नाही, पण ठरून जातं.

आज आईच्या कपाळावरून घामाचा ओघळ भुवईकडे निघाला. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. मी तिचाच पदर उचलला आणि कपाळावरच्या सुरकुत्या हलकेच टिपू लागले. "राहू दे गं," म्हणेल असं वाटलं होतं. तिने डोळे मिटले आणि चेहरा थोडा पुढे केला.

"नीट कोरडं कर हो," ती म्हणाली.