दुखानच्या छावणीतल्या कमळबिया

कासम परकार १९५५ पासून कतारमधल्या दुखानच्या तेलछावणीत भांडाराच्या खिडकीवर बसतो. पाइपांचे जोड, हातमोजे, वाळूचे चष्मे मागेल त्याला काढून देणं हे त्याचं काम. रत्नागिरीच्या फळांबद्दल बढाया मारणं हा जोडधंदा, असं तो स्वतःच सांगतो. या धंद्यात त्याची एकदाच फजिती झाली आणि तीही तो न विचारता सांगतो.

खोलीतला त्याचा सोबती जहूर मुरुडचा. कासमनं तोंड उघडलं की जहूर गादीवर आडवा व्हायचा. "आज कुठलं फळ, कासमशेठ? फणस असेल तर मी झोपतो. काल ऐकलाय."

त्यामुळे १९५९ मध्ये छावणीत मजीद आला तेव्हा कासमला नवा श्रोता मिळाला. मजीद विजेच्या कामावरचा फोरमन, ब्रिटिश गयानाचा. त्याचे पणजोबा कलकत्त्याहून बोटीनं तिकडे ऊस तोडायला गेले, ते परतले नाहीत. मजीदला हिंदी येत नव्हती आणि त्याची इंग्रजी साहेबांनाही दोनदा ऐकावी लागे. पण तो फोरमन असून दहाच्या चहाला कासमला आपल्या बाकावर बोलवायचा. भांडारातल्या कारकुनाला असं कोणी बोलवत नसे. कासमला त्या बाकाचं फार अप्रूप होतं.

बाकावर दोघं फळं खायचे, म्हणजे नुसती तोंडी, नावं घेऊन. मजीद पेरू काढायचा, कासम जांभूळ. मजीद चिकू म्हणाला की कासम करवंद म्हणायचा. मग एक दिवस मजीदनं कमळाच्या बिया काढल्या. त्याच्या गावी उसाच्या मळ्यांमधून पाण्याचे चर जात, त्यांत कमळं उगवत. मुलं हिरवी बोंडं तोडून बिया सोलून खात.

"तुमच्याकडे खातात?" त्यानं विचारलं.

कासमच्या गावाबाहेर कमळांचं तळं होतं. फुलं शेजारच्या गावातल्या देवळात जायची. बिया कोणी खात नसे. कासमनं तर आतली बी पाहिलीही नव्हती.

"खातात म्हणजे?" तो म्हणाला. "गावाबाहेर कमळांचं तळंच आहे. शाळेत जाताना खिसे भरून न्यायचो."

"आणि मधला हिरवा कोंब?"

"तो तर सगळ्यात गोड."

मजीदनं चहाचा घोट घेतला.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात कासम रजेवर निघाला. मजीदचा करार नोव्हेंबरात संपणार होता, नंतर तो इंग्लंडला भावाकडे जाणार होता. कासम निघताना मजीद म्हणाला, "जमलं तर थोड्या बिया आण. घर सोडून नऊ वर्षं झाली." कासमनं जमेल म्हणून सांगितलं. नाही म्हणायची सोय त्यानं स्वतःच ठेवली नव्हती.

गावी त्यानं बायकोला, हजराला विचारलं, बिया कशा काढतात. ती म्हणाली, "तुम्हांला तिकडे जेवायला घालत नाहीत का?"

शेवटी तो स्वतःच तळ्यात उतरला, आखातातून आणलेली पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून. दहा पावलांवर चिखलात कमरेपर्यंत रुतला. मेहुण्यानं, इलियासनं विहिरीचा दोर टाकून त्याला ओढून काढलं. काठावर बायका जमल्या होत्या. "पॅंट तळ्यातच राहिली," कासम सांगतो. "बोंडं मात्र सोडली नाहीत. चाळीस होती."

ओल्या गोणपाटात बांधून ती आगबोटीवर चढली. डेकवर नऊ दिवस. प्यायला मिळालेल्या पाण्यातलं अर्धं कासम बोंडांवर शिंपडायचा. चौथ्या दिवशी ती काळी पडली, सहाव्या दिवशी वास सुटला आणि शेजारचं कुटुंब बिछाना उचलून दुसरीकडे गेलं. कासमनं कुजलेली बोंडं समुद्रात टाकून बिया ठेवल्या. त्याही काळ्या, खडखडीत झाल्या होत्या.

दोहाच्या धक्क्यावर जकातीच्या माणसानं पुडकं उघडलं. काय आहे हे?

"खायचं," कासम म्हणाला.

"मग खा."

मागे रांग उभी होती. कासमनं आयुष्यातली पहिली कमळबी तोंडात टाकली आणि चावली. बी तशीच राहिली, दाढेचा टवका उडाला. तरी त्यानं मान डोलावली, छान लागते अशी. "खलास, यल्ला," म्हणून त्या माणसानं त्याला पुढे ढकललं.

दुसऱ्या दिवशी तो सुजलेला गाल घेऊन बाकावर आला आणि पुडकं मजीदच्या मांडीवर ठेवलं. मजीदनं एक बी दोन बोटांत फिरवली, बाकावर आपटून पाहिली. कासम काय बोलतो याची तो वाट पाहत होता. कासमच्या मनात आलं, बोट उशिरा आली म्हणावं, यंदा पीकच वाईट म्हणावं. दाढ ठणकत होती. खोटं बोलायला जबडा हलवावा लागतो.

"मी कधी खाल्ल्या नाहीत," तो म्हणाला. "आमच्याकडे कोणीच खात नाही."

"माहीत आहे," मजीद म्हणाला. "कोंब कडू असतो. पोरं आधी तो काढून टाकतात."

"मग मला आणायला का सांगितलंस?"

"तुला खोटं बोलता येतं, पण तळं खोटं वाटलं नाही. म्हटलं, तळं असेल तर बिया असतील." त्यानं बी खिशात टाकली. कासमला वाटलं, आता हा उठेल. तो उठला नाही. त्यानं दुसरा चहा मागवला. "तू लहानपणी खरं काय खायचास?"

कासमला आठवायला वेळ लागला. "रातांबे. कोकमाची फळं. दुसऱ्याच्या परसातले. दात आंबायचे आणि सापडलो की मार."

"चांगले लागायचे?"

"मार सोडून."

मजीद हसला. कासमला मात्र गालामुळे हसता आलं नाही.

मजीद जाईपर्यंत सव्वीस दिवस ते रोज त्या बाकावर बसले. जहूर म्हणतो, त्या दिवसांत कासम फारसा बोललाच नाही. आजारी आहे की काय असं वाटलं.

"आजारी कसला," कासम म्हणतो. "खऱ्या गोष्टी चार दिवसांत संपल्या. मग त्याचंच ऐकत बसलो."