कायलेबाई

माणूस भेटला की आपण विचारतो, कसा आहेस, बरा आहेस ना. मार्थाबाई ते कधीच विचारत नसत. दारात चपला काढायच्या, काळी छत्री कोपऱ्यात उभी करायची आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहून म्हणायचं, "कायले जगून राह्यला, बापा?" नवखा माणूस हबकून जाई. कशाला जगतोस, ही चौकशी आहे की शिवी, हेच त्याला कळत नसे. दारव्ह्याच्या टोकाला असलेल्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत मात्र सगळे त्यांना ओळखून होते. चर्चच्या मंडळीने त्यांना बायबलबाई म्हणून नेमलं होतं, म्हणजे घरोघरी जाऊन वचन वाचायचं आणि प्रार्थना करायची. वस्तीत त्यांचं नाव कायलेबाई हेच होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

त्यांची प्रार्थना हाही एक प्रकारच होता. पाळकसाहेब प्रार्थनेला लागले की चुलीवरचा भात करपायचा. मार्थाबाईंची प्रार्थना आपण डोळे मिटेपर्यंत संपलेली असे. "देवा, हे घर तुह्या नजरेपुढं हाय. लक्ष ठेव. आमेन." माझ्या आईला हे फसवल्यासारखं वाटायचं. एवढ्या उन्हाच्या आल्या, तर दोन शब्द जास्तीचे टाकायला काय हरकत होती, असं ती म्हणायची. बाईंचं म्हणणं असं की देवाला सगळं ठाऊक आहे, बोलायचं ते माणसाशी. आणि माणसाशी त्या तास तास बोलत, नाहीतर तो बोलेपर्यंत तास तास गप्प बसत.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव पेपरात कशासाठी येऊ लागलं, ते इथल्या कोणाला सांगायला नको. माणसं एकमेकांशी दबकून बोलू लागली. कसं चाललंय विचारलं की उत्तर ठरलेलं, दिवस काढून राह्यलो. हे ऐकलं की मार्थाबाईंचं डोकं फिरायचं. "दिवस तर देवच आणते आन देवच नेते. तू त्यात काय केलं ते सांग," असं त्या भर बाजारात सुनवायच्या. पाळकसाहेबांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, की अशा दिवसांत असला प्रश्न विचारू नये, एखाद्याच्या मनावर उलटा परिणाम व्हायचा. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि छत्री उचलून पुढच्या घरी गेल्या.

त्यातल्याच एका वर्षी आमच्या गावची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, बंद पडली आणि माझे बाबा घरी बसले. बाबा तिथे ग्रेडर होते. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायचा, धागा बघायचा आणि माल कोणत्या दर्जाचा ते सांगायचं, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. यंत्रं भंगारात गेली तरी बाबा सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून ओसरीवर बसायचे आणि संध्याकाळी शर्ट काढून ठेवायचे. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. आईची अंगणवाडीतली नोकरी होती, चूल पेटत होती. डोळ्यांसमोर आहेत ना, तेवढं पुरे, असं आई म्हणायची. मी बारावीत होते. रात्री बाबा झोपले आहेत ना, हे बघायला मी दोनदा उठायचे, आणि आईही उठायची. आम्ही दोघी एकमेकींना काही बोलत नव्हतो.

अशा घरी कायलेबाई रोज चारच्या ठोक्याला यायच्या आणि बाबांना त्यांचा तो प्रश्न विचारायच्या. पहिला आठवडा बाबांनी वर पाहिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, सवय झाली आहे म्हणून. "बैलालेही सवय असते," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी परत हजर. तिसऱ्या आठवड्यात बाबा ओरडले, तुमचं काय जातं, निघा इथून. बाई आईकडे वळून म्हणाल्या, आवाज तर शाबूत आहे. त्या दिवशी माझा संयम सुटला. मी त्यांना फाटकाबाहेर गाठलं आणि विचारलं, तुम्ही स्वतः कशाला जगता? नवरा नाही, लेकरू नाही, एका खोलीत दोन लुगड्यांवर. मला त्यांना दुखवायचं होतं. त्यांना जराही राग आला नाही.

"मले पाठवलं हाय, पोरी," त्या म्हणाल्या. "बोलावनं येईन तवा वापस जाईन. मधल्या वेळात नुसतं बसून राहाले नाही पाठवलं."

पुढे त्यांनी एक पोतं आणून ओसरीवर आदळलं. त्यात फरतड होतं, म्हणजे हंगामाच्या शेवटी वेचलेला, पानकचऱ्याने भरलेला कापूस. मिशनच्या वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांसाठी त्याच्या उश्या भरायच्या होत्या. बाबांनी आयुष्यभर ज्या मालाला हात लावला नाही, तो त्यांच्या पायाशी टाकून बाई निघून गेल्या. मी आणि आई निवडायला बसलो आणि इतकं वाईट निवडलं, की बाबांना ते पाहवेना. ते खाली बसले. चार दिवसांत पोतं संपलं. आम्हाला वाटलं, जिंकलो. मार्थाबाईंनी उश्या चाचपून पाहिल्या, छान झाल्या म्हणाल्या आणि बाबांना सांगितलं, की हे काम झालं, उत्तर अजून बाकी आहे. मला तेव्हा त्यांचा फार राग आला.

त्या पावसाळ्यात वस्तीतला सुधीर गेला. चोवीस वर्षांचा होता. स्वतःहून गेला. त्याचा मोठा भाऊ प्रभाकर उपासनेनंतर चर्चमध्येच उभा राहिला आणि म्हणाला, या बाईच्या प्रश्नांनी माझा भाऊ नेला. पंचकमिटी तिथेच बसली. माणसं नको नको ते बोलली. मार्थाबाई बाकाला धरून उठल्या. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"सुधीरले मी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "पुऱ्या वस्तीत तेवढं एक घर मी सोडलं. ज्याले विचारलं नाही तो गेला. आता मले कोणी थांबवू नका, मी थांबनार नाही."

ते घर त्यांनी का सोडलं, हे त्या बोलल्या नाहीत. प्रभाकरनेच त्यांना बजावलं होतं, की सुधीर आधीच चिडतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. हे मला फार नंतर बाबांनी सांगितलं. कमिटीने ठराव केला, की बायबलबाईने यापुढे कोणाच्याही घरी एकटीने जाऊ नये. बंद करा म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून ही पळवाट. दिवसभर कोण त्यांच्यासोबत फिरणार होतं?

दुसऱ्या दिवशी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ओसरीवर न बसता सरळ बाहेर पडले. आई घाबरून मागे धावली. मार्थाबाईंच्या खोलीपुढे उभे राहून बाबा म्हणाले, "एकटीनं जायाचं नाही ना? मंग चाला." बाईंनी छत्री उचलली. उत्तराचं पुढे काय झालं, कुणास ठाऊक. त्या दिवसानंतर त्यांनी बाबांना तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

सहा वर्षं ही जोडी वस्तीत आणि वस्तीबाहेरही फिरली. हिंदू, बौद्ध, बंजारा, जो दार उघडेल त्याच्याकडे. बाबांना त्यांच्यासारखं तोंडावर विचारणं कधी जमलं नाही. ते नुसते शेजारी बसायचे. प्रभाकरचं दार मात्र उघडलं नाही. हे दोघं त्याच्या पायरीवर अर्धा तास बसून उठायचे आणि तो आत रेडिओचा आवाज वाढवायचा. मी म्हणायचे, किती अपमान करून घ्यायचा माणसाने. बाबा हसायचे. हसायला लागले होते, हे मी तेव्हा नीट पाहिलंच नाही.

सातव्या वर्षी बाईंनी अंथरूण धरलं. बाबा एकटेच फेरी करू लागले आणि ठरावाची आठवण करून द्यायला कोणी पुढे आलं नाही. बाईंचा श्वास लागला त्या दिवशी मी यवतमाळहून आले होते. बाबा त्यांच्या खाटेजवळ बसले होते. बाईंनी डोळे उघडून विचारलं, किती घरं झाली. बाबा म्हणाले, दोन.

"मंग माह्यापाशी काहून बसला? मी तर चालली. जे राहून राह्यले त्याइच्याकडं जा."

बाबा उठले आणि खरंच गेले. दुपारी तीनच्या सुमारास बाई गेल्या. मी वस्तीतल्या एका पोराला निरोप घेऊन धाडलं. निरोप पोहोचला, तरी बाबा आले नाहीत. दिवस मावळताना आले. खोलीत सगळी वस्ती जमलेली होती आणि मी दारातच त्यांच्यावर तुटून पडले. ज्या बाईने तुम्हाला उठवून उभं केलं, तिच्यासाठी एवढंही झालं नाही का, कुठे बसला होता?

"प्रभाकरकडं," बाबा म्हणाले. "तो बोलून राह्यला होता."