कारण, एका वाक्यात

टीव्हीवर बॉक्सिंग लागलं की आमच्या घरी आवाज बंद असतो. हा नियम आमच्या ह्यांचा. समालोचक दोघा बॉक्सरांबद्दल बोलता बोलता मध्येच रेफरीचं कौतुक करतो, आणि रेफरी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, ह्यांचे साडू. साडूंचं कौतुक कानावर पडलं की त्या दिवशी जेवणात मीठ कमी असतं, चहा पांचट असतो आणि माझ्या माहेरच्यांना एकंदरीतच अक्कल नसते.

हेही त्याच क्षेत्रातले. व्यावसायिक लढत असली की रिंगच्या तीन बाजूंना तीन पंच बसतात आणि प्रत्येक राउंडचे गुण देतात. राउंड जिंकेल त्याला दहा, हरेल त्याला नऊ; बॉक्सर ओळखायचे ते कोपऱ्याच्या रंगाने, लाल आणि निळा. त्यातले एक पंच हे. एरवी आमचं चष्म्याचं दुकान आहे. आतल्या अंधाऱ्या खोलीत हे गिऱ्हाइकांचे डोळे तपासतात, बाहेर काउंटरवर मी फ्रेमा दाखवते. पण दुकान पोटापुरतं. माणूस म्हणून हे जगतात ते त्या रिंगकाठच्या खुर्चीवर. लढत ठरली की त्या बॉक्सरांबद्दल पेपरात आलेलं काही वाचत नाहीत, मन गढूळ होतं म्हणतात. त्या दिवशी शर्टाला इस्त्रीसुद्धा स्वतः करतात, मला हात लावू देत नाहीत.

साडूंना या क्षेत्रात आणलं ह्यांनीच. शाळेत मुलांकडून कवायत करून घेणारा माणूस, त्याला बोट धरून पहिल्यांदा रिंगपाशी नेलं. तो दोरांच्या आत गेला आणि हे बाहेरच राहिले. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय. आम्ही दोघं घरात त्यांना सरपंच म्हणतो. ते वर उजेडात उभे, बाकीचे पंच खाली अंधारात बसलेले.

बहिणीच्या दिवाणखान्यात साडूंचा एक मोठा फोटो आहे. आडव्या पडलेल्या बॉक्सरपुढे बोटं उंचावून आकडे मोजताना. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, दोरांच्या मागे, एक कान दिसतो. तो ह्यांचा. पाहुणे आले की बहीण बोट ठेवून दाखवते, "आणि हा आमच्या भावजींचा कान." सगळे हसतात, मीही हसते. घरी आल्यावर मात्र माझं पोट दुखतं, आणि ते हसून दुखत नाही. तेव्हा मत्सराचा सगळा मक्ता ह्यांनी एकट्यानेच घेतलाय असं कुणी समजू नये.

मागे एका लढतीचा निकाल प्रेक्षकांना पटला नाही. खुर्च्या फेकल्या, आरडाओरडा झाला. मग बॉक्सिंग मंडळाने नियम सुधारायला समिती नेमली, आणि समितीत कोण, तर सरपंच. त्यांनी सूचना मांडल्या. लढतीच्याच दिवशी सकाळी वजन करा, म्हणजे आदल्या दिवशी पाणी न पिता वजन उतरवून काटा फसवणारे फसतील. डॉक्टरला लढत थांबवायचा अधिकार द्या.

"बरोबर आहे," हे म्हणाले. आणि श्वास घेऊन पुढे, "त्याला हे कुणीतरी सुचवलं असणार."

पुढच्या सूचना मात्र पंचांसाठी होत्या. राउंड बरोबरीत सोडायचा नाही. गुण शेवटपर्यंत झाकून ठेवायचे नाहीत, प्रत्येक राउंड संपला की माइकवर सांगायचे. आणि सोबत कारण, एका वाक्यात.

"एका वाक्यात उत्तरे द्या!" हे ताटावरून उठलेच. "मास्तर तो मास्तरच. जाईल तिथे परीक्षा घेणार. ही सगळी मला पकडायची चाल आहे, तुला सांगतो."

ह्यांनीही समितीला एक सूचना पाठवली होती: पंचांच्या खुर्च्या उंच करा, खालून दोर मध्ये येतात. ती नामंजूर झाली, कारण मागच्यांना दिसणार नाही. समितीत ती साडूंनीच वाचून दाखवली आणि वाचताना म्हणे हसले. ते हसले हे आम्हाला कुणी सांगितलं ते आता दोघांनाही आठवत नाही, पण हसलेच असणार यावर आमचं एकमत आहे. बाकी कशावर होत नाही.

नवे नियम आधी एका रविवारी दुपारच्या लढतींत वापरून बघायचं ठरलं. त्याच दिवशी पंचांचीही पारख होणार होती, कारण मंडळाला यादी कमी करायची होती. जो ठामपणे गुण आणि कारण सांगेल तो राहील, जो अडखळेल त्याची खुर्ची गेली.

मग आमच्या घरी तालीम सुरू झाली. टीव्हीवर मुकी लढत, समोर हे, आणि राउंड संपला की मी ह्यांच्या तोंडापुढे लाटणं धरायची, माइक म्हणून. "निळ्याने ठोसे जास्त मारले, लालने नेमके मारले. दहा-नऊ, लाल." असं खाडकन सांगायचे. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. वाटलं, एकदा हे सगळ्यांनी कानांनी ऐकू दे, बहिणीने तर ऐकूच दे.

रविवारी ती माझ्या शेजारीच बसली होती, नवीन कानातलं घालून. वर साडू, फिकट निळा शर्ट, केस चापून बसवलेले. खाली हे. पहिला राउंड झाला, माइक ह्यांच्याकडे आला. "लालने अंतर राखलं आणि निळ्याला आपल्या चालीने खेळवलं. दहा-नऊ, लाल." मागून कुणी तरी म्हणालं, "हां, बरोबर बोलला." दुसऱ्या राउंडलाही तसंच. मी बहिणीकडे पाहिलं. ती कानातलं चाचपत होती. मला इतकं बरं वाटलं की मी तिला पाण्याची बाटली देऊ केली.

आणि नेमकं तेव्हा साडू ह्यांच्या बाजूच्या दोरांपाशी आले, वाकले, आणि म्हणाले, "छान बोलताय, दादा."

बस. शाबासकी, आणि तीही कुणाकडून! ह्यांच्या मानेचा मागचा भाग लाल झालेला मला लांबून दिसला. घंटा झाली, तिसरा राउंड सुरू झाला आणि मला कळलं की काही तरी बिनसलंय. सगळ्या सभागृहाच्या माना ग्लव्ह्जमागे फिरत होत्या आणि ह्यांची हनुवटी त्या फिकट शर्टामागे. साडू डावीकडे, हे डावीकडे. साडू मध्ये घुसून दोघांना सोडवतायत, हे पुढे वाकलेले. कुठे चुकतो ते शोधत होते, दुसरं काय शोधणार. लोक अचानक ओरडले, कुणाला तरी जबर ठोसा बसला असावा. ह्यांनी तिकडे पाहिलंच नाही.

घंटा झाली. पहिले दोन पंच म्हणाले, निळा. लालचे गुडघे वाकले होते म्हणे. माइक ह्यांच्याकडे आला.

हे उभे राहिले. तालमीची सवय, वाक्य आपोआप बाहेर पडलं, तेही खणखणीत. "पायांवर हलका, वेळेवर आत गेला, वेळेवर बाजूला झाला, आणि अख्ख्या राउंडमध्ये एकदाही आड आला नाही."

निवेदकाने विचारलं, "लाल की निळा?"

आड येणं हा शब्द बॉक्सरसाठी कुणी वापरत नाही. पंचांना लढत दिसेल अशा बेताने जो उभा राहतो, त्या रेफरीबद्दलच म्हणतात की हा आड येत नाही. आधी क्षेत्रातले जुने लोक हसले, मग त्यांनी शेजाऱ्यांना समजावलं, मग सगळं सभागृह हसलं. साडू तेवढे हसले नाहीत. रिंगच्या कोपऱ्यात हात खाली सोडून उभे होते.

"मी लढत पाहिली नाही," हे माइकवर म्हणाले. "राखीव पंचाला बसवा." आणि कोट उचलून बाहेर आले.

मीही मागोमाग निघाले आणि कोपऱ्यावर ह्यांना गाठलं. मग म्हटलं, "निदान रंग तरी ठोकून द्यायचा होता."

"कुठला?" हे म्हणाले. "मला खरंच ठाऊक नव्हता." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "चूक सापडली नाही गं. खूप शोधली."

संध्याकाळी मंडळाची यादी लागली, तीत ह्यांचं नाव नव्हतं. हे आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. मी मनाशी जय्यत तयारी केली, आज ही कानाचा विषय काढू दे, मग बघते. पण तिचा आवाज ओला होता.

"ताई, आमच्याकडे हे जेवलेच नाहीत. भावजींचं वाक्यच घोळवत बसलेत. म्हणतात, सगळं जग बोललं, पण दादा कधी बोलले नव्हते. रडले गं हे. आता कागदावर लिहून फोटोच्या चौकटीत खोचलंय."

"बरं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आतून ह्यांनी विचारलं, "काय म्हणत होती?"

"काही नाही. जेवलात का विचारत होती."

मी ताट वाढायला घेतलं. खुर्ची गेली ती आमची, आणि वाक्य मिळालं ते त्यांना. साडूंचा इतका राग मला आजवर कधी आला नव्हता. एवढा संसार झाला, दुकान झालं, आजारपणं झाली, पण माझ्याबद्दल तसं एक वाक्य ह्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. आणि मी तर जन्मात कधी ह्यांच्या आड आले नव्हते.