साहेबाचं कुत्रं आणि तिचं कुत्रं

कापसाच्या त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडातल्या शहाण्या माणसांनीही खुळे चाळे केले. साता समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस बंद झाला आणि इकडे आमच्या काळ्या मातीतल्या पऱ्हाटीला कधी नव्हे तो मान आला. आमच्या गावात एकाने विलायती घड्याळ आणलं. वेळ पाहता येणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून पाहुणे आले की ते नुसतं कानाला लावून ऐकवायचे. दुसऱ्याने बैलांना मखमलीच्या झुली शिवल्या आणि ऐन उन्हाळ्यात अंगावर घालून त्या बिचाऱ्यांना धापा टाकायला लावलं. काहींनी घरात पहिली बायको धडधाकट असताना दुसरी करून आणली. मी कुत्रं आणलं. दुसऱ्यांना हसायचा मला काही हक्क नाही, पण हसू येतं त्याला काय करणार?

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. गाव अकोटपासून बैलबंडीने तासाभराच्या वाटेवर. वडील मी लहान असतानाच वारलेले, त्यामुळे घरात तीनच माणसं: आई, मी आणि माझी बायको. चौथं तिचं कुत्रं. हिवरखेडहून सासरी येताना ते तिच्या बंडीमागे धावत आलं होतं. दोनदा हाकलूनही परत फिरलं नाही, तेव्हा तिच्या भावाने वैतागून उचललं आणि तिच्या मांडीवर टाकलं. तांबूस रंगाचं, मांजरापेक्षा थोडं मोठं, एक कान उभा आणि एक पडलेला. त्याची आई गावची, बाप बहुधा बंजाऱ्यांच्या तांड्याचा. जात विचारली तर काय सांगावं असं ते कुत्रं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं अर्धवट वाटेल. लग्नानंतर वर्षभरात बायकोला मोठा ताप आला होता. त्या तापात तिचे कान गेले. ती जवळजवळ ठार बहिरी झाली, आणि हे तिने कुणाला कळू दिलं नाही. कळलं तर आपलं काय होईल हे तिला ठाऊक होतं. आजूबाजूला सवती येत होत्या, त्यांच्या वराती तिनेही ओसरीवरून पाहिल्या होत्या.

एका घरात, एका चुलीवर राहून नवऱ्याला हे कसं कळलं नाही, असं आजची मुलं विचारतील. आमची रीतच तशी होती. दिवसाउजेडी, वडील माणसांदेखत नवरा-बायकोने बोलायचं नाही. नाव तर घ्यायचंच नाही. काही हवं असलं की मी दारात खाकरायचो आणि भिंतीकडे बघत म्हणायचो, "ऐकलं का?" की ती यायची. ती यायची म्हणजे ते कुत्रं तिला आणायचं. मी खाकरलो, आईने हाक मारली, दारात कुणी आलं, की ते पळत जाऊन तिच्या टाचेला नाक लावायचं आणि हाक आली त्या बाजूला तोंड करून उभं राहायचं. ती पदर सावरून उठायची, पदराआडून समोरच्याच्या ओठांकडे बघायची आणि मान हलवायची. सून उलटून बोलत नाही, सांगितलेलं मुकाट करते, म्हणून आई गावभर तिची तारीफ करायची. आम्ही जिला गुणाची म्हणत होतो ती बहिरी होती. त्या कुत्र्याला ते समजलं होतं. मला नाही.

आता माझ्या कुत्र्याकडे येतो.

अकोटला कापूस खरेदीला एक साहेब येऊन राहिला होता. त्याला विलायतेला परत जायचं होतं आणि त्याचं कुत्रं बोटीवर नेता येत नव्हतं. मी कापूस घालायला गेलो तेव्हा ते त्याच्या तंबूपुढे बसलेलं पाहिलं. बसलेलं असतानाही त्याचं डोकं माझ्या छातीला लागत होतं. करडा रंग, लोंबते गाल, आणि एवढा मोठा देह असून डोळे मात्र लाचार. मी त्या डोळ्यांवरच भुललो, असं मी पुढे सगळ्यांना सांगत असे. खरं म्हणजे हे जनावर घेऊन मी गावात शिरलो तर कोण कोण बघेल, हेच माझ्या मनात होतं. साहेबाला कुत्र्याचे पैसे नको होते, चांगलं घर हवं होतं. माझ्या घरी दूध आहे, अंगण आहे, एवढं ऐकून त्याने दोर माझ्या हातात दिला आणि पाठ वळवून तंबूत निघून गेला. त्याच्या खानसाम्याने मला एकच गोष्ट शिकवली: "इसको मराठी नहीं आती. 'कम' बोलो तो आता है."

ते खरं होतं. 'ये' म्हटलं तर ते ढिम्म हलत नसे. 'कम' म्हटलं की घर हलवत यायचं. यातून एक गंमत झाली. आमच्याकडे दलाल आला, ओसरीवर बसला, पान खाल्लं आणि नेहमीच्या सवयीने म्हणाला, "भाऊ, भाव जरा कम करा." कोपऱ्यातून कुत्रं उठलं आणि त्याच्यासमोर येऊन उभं राहिलं. दलालाचं तोंड आणि कुत्र्याचं तोंड अगदी समोरासमोर. तो घाबरून पुन्हा म्हणाला, "नाई म्हंजे, थोडंसं कम..." तसं ते आणखी पुढे आलं आणि त्याच्या मांडीवर पंजा ठेवला. त्या दिवसापासून आमच्या ओसरीवर घासाघीस बंद झाली. मी आठवडाभर हसत होतो. अजूनही एकटा असलो की आठवतं आणि हसू येतं, आणि त्या जनावराची फार आठवण येते. स्वभावाने ते गरीब होतं. वऱ्हाडचं ऊन त्याला सोसायचं नाही. पाण्याच्या रांजणाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून ते दिवस काढायचं.

पण दोन्ही कुत्र्यांचं जमेना. मोठं जिथं जाईल तिथं लहान आडवं उभं राहायचं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तर ते त्याला नाकच घालू देत नसे, आणि एकदा त्याने त्या लोंबत्या गालाला असं धरलं की रक्त निघालं. मोठ्याने ठरवलं असतं तर एका घासात ते संपलं असतं. पण त्याने खाणं सोडलं आणि ते रांजणामागे जाऊन बसलं. आई म्हणाली, "कोनतं तरी एक ठेव बाप्पा. रोजची ही कटकट मले सोसवत नाई."

मला ठरवायला वेळ लागला नाही, याची आज लाज वाटते. साहेबाचं कुत्रं एकीकडे आणि हे बिनजातीचं एकीकडे, यात ठरवायचं काय होतं? हिवरखेडला एक बंडी चालली होती, तिच्यातून लहान्याला सासऱ्यांकडे पाठवायचं असं मी आईला सांगितलं. बायकोला आईनेच कळवलं. त्या दिवशी गोठ्यात आम्ही दोघंच असताना बायको पहिल्यांदा आपणहून माझ्याशी बोलली. "ते नका धाडू. मले ते लागते वो," म्हणाली. मी वैरण टाकत होतो. पाठमोराच म्हणालो, "कुत्र्यापायी काय रडते लहान लेकरासारखी." ती माझ्या पाठीकडे बघत उत्तराची वाट पाहत थांबली असावी. मग निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच त्याच्या गळ्यात दोरी बांधली आणि बंडीवाल्याजवळ त्याच्यासाठी भाकर दिली.

पुढच्या आठ दिवसांत घर बिघडलं. आई हाका मारायची आणि सून यायची नाही. दूध उतू गेलं. दारात पाहुणे ताटकळले. "कुत्रं काय गेलं, हिची मानच फिरली," असं आई म्हणायला लागली. मलाही राग येत होता. एवढा रुसवा!

एके दुपारी मी शेतातून आलो. ती ओसरीवर कापसातला काडीकचरा निवडत होती, दाराकडे पाठ करून. मी खाकरलो. "ऐकलं का?" म्हणालो. मग रीत सोडून ओरडलो. तिचा हात त्याच लयीत चालला होता. रागाने मी पितळेचा हंडा लाथाडला, तो पायऱ्यांवरून खाली गडगडत गेला. वळचणीची कबुतरं उडाली, आई आतून धावत आली, रांजणाखालचं ते धूडही उठून उभं राहिलं. तिचा खांदासुद्धा हलला नाही. उडणाऱ्या कबुतरांच्या सावल्या तिच्यापुढच्या कापसावर पडल्या, त्या तिला दिसल्या, आणि तिने मागे वळून पाहिलं. माझा चेहरा पाहिला. मला कळलं आहे हे तिला कळलं. मूठभर कापूस हातात तसाच धरून ती बसून राहिली, आणि मी तिचा तो चेहरा आजपर्यंत विसरलेलो नाही.

संध्याकाळी जेवताना आई माझ्या शेजारी येऊन बसली. "लेका, बहिरी बायको घेऊन जलम कसा काढशीन? दुसरी आन. आता काय कमी हाये आपल्या घरी?" आई दुष्ट नव्हती. तेव्हा घरोघरी तेच बोललं जात होतं. आणि मी तरी काय केलं? गप्प बसलो. दोन दिवस गप्प होतो. त्या दोन दिवसांत ती पहाटेपासून अंधार पडेपर्यंत कामाला जुंपलेली असायची, आणि दर थोड्या वेळाने मान वर करून आमच्या दोघांच्या ओठांकडे बघायची, कुणी हाक मारतं आहे का म्हणून. ते मला बघवेना. एका मुक्या जनावराला जे आपणहून समजलं ते मला दोन वर्षांत समजलं नव्हतं, आणि मी काय म्हणून त्यालाच घराबाहेर काढलं होतं?

तिसऱ्या दिवशी मी मोठ्या कुत्र्याला बंडीत चढवलं आणि अमरावतीची वाट धरली. तिथला एक कापसाचा व्यापारी त्याच्यासाठी कधीपासून मागे लागला होता. दर्यापूरवरून जाताना कापसाच्या बंड्यांची रांग लागली होती. पोरंसोरं धावत येऊन कुत्रं बघत होती आणि ते माझ्या पाठीवर हनुवटी टेकून बसलं होतं. व्यापाऱ्याच्या दारात मी दोर त्याच्या नोकरांच्या हातात दिला आणि निघालो. त्या नोकरांना काय म्हणायचं ते सांगायचं राहिलं, म्हणून परत फिरलो. "कम म्हनजा," एवढं सांगितलं. तो शब्द ऐकून ते उठलं आणि माझ्याकडेच आलं. मी अमरावतीच्या भर रस्त्यात रडलो. बावीस वर्षांचा बाप्या, डोक्याला फेटा.

परत आल्यावर आईला म्हणालो, "लहानं कुत्रं परत आनतो. दुसरीचं नाव काढू नको." आईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "मंग एकटा जाऊन काय करशीन? तिले घेऊन जाय, तिच्याबिगर ते बंडीत बसन का?" आणि वाटेसाठी भाकरी बांधायला बसली. मी बायकोला दारातूनच खूण केली आणि तोंड नीट तिच्याकडे करून म्हणालो, "हिवरखेडले चाल." आईसमोर याहून जास्त बोलायला मला लाज वाटली.

ती आली तेव्हा हातात मोठं गाठोडं होतं. अर्ध्या दिवसाच्या वाटेला एवढं कशाला, असं मनात आलं, पण मी बैल हाकले. ती मागे बसली, मी पुढे. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी फुटलेली, बायका वेचणी करत होत्या. अर्धी वाट सरली तेव्हा मागून तिचा आवाज आला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. ती इतकं हळू बोलली की मला जेमतेम ऐकू आलं.

"सवत कोन्या गावची हाये?"

तेव्हा मला त्या गाठोड्याचा अर्थ लागला. तिने लुगडी, पाटल्या, माहेरची फणी, सगळं बांधून घेतलं होतं. मी तिला कायमची पोचवायला चाललो आहे, असं समजून ती तीन तास माझ्या पाठीकडे बघत बसली होती. मी बंडी थांबवली, कासरा सोडला आणि जुवाकडे पाठ करून तिच्यासमोर बसलो. इतक्या उजेडात, इतक्या जवळून मी तिचं तोंड कधी पाहिलं नव्हतं.

"सवत नाई," मी म्हणालो. "कोनी नाई. तुह्यं कुत्रं आनाले चाललो आपन."

ती माझ्या ओठांकडे बघत होती. "पुन्हा म्हना," म्हणाली.

मी पुन्हा म्हणालो.

"हळू म्हना. समजलं नाई."

मी एकेक शब्द सुटा करून म्हणालो. बैल शेताच्या धुऱ्यावरचं गवत खायला लागले होते. वेचणीच्या बायका आमच्याकडे बघून काहीतरी बोलत होत्या. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. तिला ते पहिल्याच वेळेला समजलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तरी मी चौथ्यांदा म्हणालो.