टीव्हीपासून म्हशीपर्यंत

सरकीच्या भिजवलेल्या पेंडीचा वास आला की मला केडगावच्या मावशीची म्हैस आठवते. तिनं दोन दिवस पेंडीला तोंड लावलं नव्हतं. आदल्या दिवशी जनावरांचे डॉक्टर इंजेक्शन देऊन गेले होते. त्या सकाळी टीव्हीवरच्या प्रार्थनेत चर्चचे पाळक गरजले, "ज्याची भरभराट हवी त्यावर एक हात ठेवा, दुसरा टीव्हीवर!" टीव्ही खोलीत, म्हैस दाराबाहेर गोठ्यात. मावशीनं टीव्हीला हात लावला, तिचा दुसरा हात मावसकाकांनी धरला, त्यांचा मी, तरी म्हैस लांबच राहिली. मग बुद्धविहारात जाणाऱ्या शेजारच्या काकूंना हाक मारली. "माझा न्हाई यावर इश्वास," त्या म्हणाल्या, "पन म्हशीसाठी धरते." त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात टेकला आणि नेमकी लाईट गेली. हात मात्र कुणीच सोडला नाही. उरलेली प्रार्थना मावशीनंच मोठ्यानं पुरी केली, आणि म्हशीनं पेंडीच्या पाटीत तोंड घातलं. "बघा, लाईट नसतानाबी पोचलं!" मावशी ओरडली. "व्हय, पन माझ्या हातातनं पोचलं," काकू म्हणाल्या. अजूनही मी केडगावला गेले की दोघी मला साक्षीला बसवतात, आणि त्या डॉक्टरांचं नाव काढायची माझी काही हिंमत होत नाही.