गॅरेजचा उंबरा अन् आत राहिलेली जीप

उंबरा म्हणलं की तुम्ही रुमाल काढून बसले असताल. सासरी निघालेली लेक, ओलांडलेलं माप, असलं काहीतरी. ठेवा रुमाल खिशात. हा आमच्या जीपच्या गॅरेजचा उंबरा. लाकडी व्हता, पण वाळवीनं इतका खाल्ला की उंदरं त्याच्यातून मान ताठ ठेवून ये-जा करायची.

मी तवा बारावीला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तिथं काँक्रीटचा उंबरा टाकायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी थोरल्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार व्हते. त्यांना वाटूर फाट्यावरून आपल्या जीपनं आणणार, असं अण्णा गल्लीभर सांगून बसल्ते. मिस्त्रीला त्यांनी बजावलं, "आंघोळ करून मी जीप भाईर काढतो. मंगच माल टाका." अन् न्हाणीत गेले.

मिस्त्रीनं फळ्या लावल्या, सिमेंट-गिट्टी कालवली अन् बिडी पेटवली. बिडी सरली, आंघोळ सरंना. मला नकला करायचा नाद. हेडमास्तरपासून म्हशीपर्यंत कुणाचाबी आवाज काढायचो. न्हाणीमागं गेलो अन् अण्णांसारखं खाकरून म्हणलो, "मिस्त्री, बसून काय राह्यले? टाका माल जल्दी."

"मालक, जीप आतच हाये."

"जीपचं मी पाह्यतो. सांगितलं तेवढं करा."

मी तिथंच पोट धरून हसून राह्यलो. येऊन पाह्यलं तर माल ओतून, थापीनं गुळगुळीत करून झाल्ता. वर आईनं हळद-कुंकूबी लावल्तं.

अण्णा टॉवेलवरच भाईर आले. "हे कुणी टाकायला लावलं?"

"तुम्हीच की, मालक."

अण्णांनी एकदा माझ्याकडं पाह्यलं, सगळं वळखलं अन् फावडं उचललं. आई आडवी झाली. "पूजलेला उंबरा उकरता? उद्या पोरीला पाहायला येऊन राह्यले अन्?"

"मंग चाक कधी जाईल यावरून?"

मिस्त्री म्हणला, "धरा आठ दिवस."

पाहुणे शेजाऱ्याच्या ट्रॉलीत उभे राहून आले. मुलाच्या बापाचं पांढरं धोतर घरी पोचेस्तोर रस्त्याच्या मुरमाच्या धुळीनं तांबडं झाल्तं. ते गेल्यावर अण्णांनी मला गॅरेजपुढं उभं केलं.

"ते मला विचारतेत, जीप खरंच हाये का. काय दाखवू? फटीतून तिचा दिवा? पोरगी पसंत पडली म्हणून वाचला तू. आता आठ दिवस सकाळ-संध्याकाळ या उंबऱ्यावर पाणी मारायचं. अन् मारताना तोंडातून म्हशीचाबी आवाज निघाला, तर दुसरा उंबरा तुझ्यावरच टाकीन."